शोधाचे शब्द, पत्राचा विषय : वेबशोध आणि वेबमेल वापरण्याची रीत

वडिलांच्या पश्चात गावाकडच्या जमिनीला आपले नाव लावायचे असेल, तर बहुतेक माणसे शोधाच्या चौकटीत मनात आलेले वाक्य जसेच्या तसे टाकतात : 'वडील वारले जमीन माझ्या नावावर कशी करायची'. उत्तरे भरपूर येतात, परंतु त्यांतली बरीचशी हेच वाक्य मथळ्यात घालून वाचक गोळा करणाऱ्या व्हिडिओंची आणि जाहिरातींनी बुजबुजलेल्या पानांची असतात. महसूल खात्याच्या भाषेत या कामाला 'वारस नोंद' म्हणतात, ती ज्या नोंदवहीत होते तिला 'गाव नमुना सहा-क' म्हणतात, आणि त्या नोंदीवरून सातबाऱ्यात जो बदल होतो त्याला 'फेरफार' म्हणतात. चौकटीत 'वारस नोंद ई-हक्क अर्ज' एवढेच शब्द टाकून पाहावेत. शासनाच्या ऑनलाइन अर्जप्रणालीपर्यंत आणि तिच्या नेमक्या कागदपत्रांच्या यादीपर्यंत पोहोचणे पुष्कळ सोपे होते.

गूगलसारख्या शोधयंत्राने वाचून ठेवलेले प्रत्येक पान कोणीतरी लिहिलेले असते, आणि ते लिहिणारा अधिकारी, वकील, डॉक्टर किंवा वार्ताहर आपापल्या कामातले शब्द वापरत असतो. म्हणून चौकटीत टाकायचे शब्द उत्तर लिहिणाऱ्याचे असावेत. शोधयंत्रे आता समानार्थी शब्दही ताडून पाहतात हे खरे, पण इंग्रजीत ती जितकी सराईत झाली आहेत तितकी मराठीत झालेली नाहीत, असा माझा रोजचा अनुभव आहे.

हे शब्द आधीपासून माहीत असण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. त्यासाठी पहिला शोध केवळ शब्द गोळा करण्यासाठी करावा. साध्या बोलीतला प्रश्न टाकून वर आलेली दोन-तीन पाने चाळावीत, त्यांत वारंवार येणारी पारिभाषिक नावे टिपून घ्यावीत आणि मग त्या नावांनी दुसरा, खरा शोध करावा. बहिणीने वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा सोडल्याचा दस्त शोधताना 'हक्कसोडपत्र' हा शब्द हाती लागला की अर्धे काम झाले. अंगावर नागीण उठली असेल, तर 'नागीण' या शब्दाने गंडेदोऱ्यांपासून सापांपर्यंत सर्व काही मिळेल, पण 'हर्पिस झोस्टर' टाकल्यावर वैद्यकीय माहिती समोर येईल. ज्या विषयाची परिभाषाच ठाऊक नाही, त्यासाठी मराठी विश्वकोशाची ऑनलाइन आवृत्ती आणि २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया या दोन ठिकाणांहून सुरुवात करणे सोयीचे जाते. विश्वकोशातली आकडेवारी जुनी असू शकते. संज्ञा मात्र पक्क्या असतात.

नावे बदलतात तेव्हा शोधणाऱ्याने त्यांच्यासोबत मागे-पुढे जावे लागते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये झाले. त्यामुळे २०१५ सालचे एखादे परिपत्रक शोधताना चौकटीत 'धाराशिव' लिहून हाती काही लागले नाही, तर ते परिपत्रक नाहीच असा निष्कर्ष काढू नये. त्या कागदावर 'उस्मानाबाद' असेच छापलेले असणार. दोन्ही नावांची पाने हवी असल्यास त्या दोन नावांच्या मध्ये ओ आणि आर ही रोमन अक्षरे, दोन्ही कॅपिटल, टाकावीत. तलाठ्यालाही आता शासकीय कागदांत 'ग्राम महसूल अधिकारी' म्हटले जाते, हे याच जातीचे उदाहरण.

मराठी लेखनाचे काही खाचखळगे

मराठीतून शोधणाऱ्याला आणखी काही अडथळे पार करावे लागतात, आणि त्यांबद्दल सहसा कोणी सांगत नाही. पहिला अडथळा शुद्धलेखनाचा आहे. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले; त्याआधीच्या छपाईत 'नाहीं', 'कांहीं', 'करणें' अशी रूपे सर्रास दिसतात. जुन्या पुस्तकांच्या डिजिटल प्रतींत एखादे वाक्य शोधायचे असेल, तर तो शब्द आजच्या आणि त्या काळच्या अशा दोन्ही रूपांत टाकून पाहावा. 'हिंदी' आणि 'हिन्दी', 'संबंध' आणि 'सम्बन्ध' या जोड्यांनाही हेच लागू आहे.

दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो : काही कळफलक खाली टिंब असलेल्या 'ऱ' ला हलन्त देऊन तो काढतात, तर काही साध्या 'र' ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षररूपे आहेत. 'शेतकऱ्यांसाठी', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द टाकून शोध रिकामा आला, तर तो शब्द वगळून 'शेतकरी'सारख्या मूळ रूपाने पुन्हा शोधावे. कळफलक बदलत बसण्यापेक्षा हे लवकर होते.

तिसरा अडथळा जुन्या फाँटचा आहे. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींसाठीची समान संकेतपद्धती, रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतीदेव, डीव्हीबी-सुरेख यांसारख्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दिसायला देवनागरी असला, तरी आत निराळीच चिन्हे साठवलेली असतात, त्यामुळे तशा पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधूनही सापडत नाही. अशा वेळी मजकुराऐवजी कागदाची ओळख शोधावी. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांच्या संकेतस्थळावर प्रत्येक निर्णयाला सांकेतांक क्रमांक दिलेला असतो आणि तिथे विभाग व दिनांक निवडूनही शोधता येते. निर्णयाची तारीख वर्तमानपत्राच्या बातमीतून कळली, तर त्या दिवसाचे त्या विभागाचे सर्व निर्णय काही मिनिटांत चाळून होतात. कागद केवळ स्कॅन केलेला असेल, तर ती फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडावी. त्यातला मराठी मजकूर बऱ्यापैकी शोधण्याजोगा होऊन मिळतो, जोडाक्षरांच्या थोड्याफार चुका सोडल्या तर.

चौकटीत देण्याच्या आज्ञा

आज्ञा बऱ्याच आहेत, पण रोजच्या वापरात चार-पाच पुरतात. नेमके वाक्य किंवा जोडशब्द हवा असेल, तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा. पत्रिकेवर छापायची ओवी किंवा शासन निर्णयाचे शीर्षक शोधताना हे फार उपयोगी पडते. नको असलेला अर्थ वगळण्यासाठी त्या शब्दाला डावीकडून वजाचे चिन्ह, मध्ये मोकळी जागा न सोडता, चिकटवावे. एकाच संकेतस्थळाच्या आत शोधायचे असेल, तर एस-आय-टी-ई ही रोमन अक्षरे, त्यांना चिकटून कोलन आणि कोलनला चिकटून त्या स्थळाचा पत्ता, असे लिहून पुढे आपले शब्द द्यावेत. कोलननंतर फक्त 'जीओव्ही डॉट इन' एवढेच रोमन लिपीत लिहिले, तर शोध भारतातल्या सरकारी स्थळांपुरता मर्यादित राहतो, आणि सुरुवातीला सांगितलेल्या वारस नोंदीच्या शोधातून व्हिडिओंचा सारा पसारा एका झटक्यात गळून पडतो. पीडीएफच हवी असेल, तर 'फाइलटाइप' हा शब्द रोमन अक्षरांत सलग लिहून कोलननंतर पी-डी-एफ लिहावे. कालमर्यादा घालण्यासाठी निकालांच्या वर असलेल्या 'टूल्स' या पर्यायातून तारखा निवडता येतात. धोरणे आणि दर वारंवार बदलणाऱ्या विषयांत, म्हणजे पीकविमा किंवा प्राप्तिकर यांत, ही पायरी टाळूच नये.

पान पूर्वी होते आणि आता उघडत नाही, अशी वेळ सरकारी स्थळांच्या बाबतीत वरचेवर येते, कारण स्थळ नव्याने बांधले की जुने दुवे मरतात. गूगल पूर्वी पानाची साठवलेली प्रत दाखवत असे. ती सोय २०२४ मध्ये बंद झाली. त्याऐवजी 'इंटरनेट अर्काइव्ह' या संस्थेच्या वेबॅक मशीनमध्ये पानाचा जुना पत्ता चिकटवावा. तिथे एक दिनदर्शिका येते, आणि ज्या तारखांना त्या पानाची प्रत घेतली गेली असेल त्या तारखांभोवती वर्तुळे दिसतात. मला एका परीक्षेचा जुना अभ्यासक्रम तीन वेगवेगळ्या कार्यालयांत विचारूनही मिळाला नव्हता, तो इथे दहा मिनिटांत मिळाला.

निकालांची यादी वाचण्याची शिस्त

यादीत सर्वांत वर 'प्रायोजित' असा शिक्का असलेल्या नोंदी पैसे भरून तिथे आलेल्या असतात, त्यामुळे त्यांचे पहिले स्थान विश्वासार्हतेचा दाखला मानू नये. त्यांच्याच आसपास आता शोधयंत्राने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला गोषवारा दिसतो. दिशा कळण्यासाठी तो वाचावा, पण त्यातली तारीख, रक्कम किंवा नियमाचा क्रमांक खाली दिलेल्या मूळ दुव्यावर जाऊन पाहिल्याशिवाय अर्जात उतरवू नये.

पत्ता वाचायला शिकणे हे मला या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचे वाटते. दोन तिरप्या रेघांनंतर सुरू होणारा आणि पुढच्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपाशी संपणारा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा असेल, तर स्थळ सरकारी आहे. परंतु 'महाभूमी', 'जीओव्ही' हे शब्द आधी कुठेतरी येऊन शेवट 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑनलाइन' असा होत असेल, तर मांडणी आणि बोधचिन्ह कितीही हुबेहूब असले तरी ते स्थळ दुसऱ्याच कोणाचे आहे. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये 'डॉट बँक डॉट इन' असा राखीव शेवट ठरवून दिला आहे, तेवढा डोळ्यांखालून घालावा.

ग्राहकसेवेचा दूरध्वनी क्रमांक मात्र शोधयंत्रातून कधीही घेऊ नये. काही काळापूर्वी एका न पोहोचलेल्या पार्सलसाठी मी स्वतः यादीत वर आलेला क्रमांक फिरवला. पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत अदबीने चौकशी केली, पार्सल गोदामात अडकल्याचे सांगितले, आणि पाच रुपये भरण्यासाठी एक ॲप उतरवून घ्यायची विनंती केली, तेव्हा कुठे शंका आली. फोनचा ताबा दुसऱ्याच्या हाती देणारे ते ॲप होते. क्रमांक हवा असेल, तर तो कार्डाच्या मागच्या बाजूवर, पासबुकावर, बिलावर किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमध्ये पाहावा.

पत्रपेटी हीसुद्धा शोधण्याची जागा आहे

वेबमेलमध्ये पत्रे आपल्या यंत्रावर राहत नाहीत. ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकांवर असतात आणि ब्राउझर ही त्यांकडे पाहण्याची खिडकी असते. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केलेल्या हॉटमेलमुळे ही कल्पना सर्वदूर गेली, आणि आपल्याकडे त्याच काळात मुंबईच्या रेडिफने अनेकांना पहिला ईमेल पत्ता दिला. तेव्हा पेटीची जागा दोन-चार एमबी इतकीच असे, त्यामुळे पत्र वाचावे आणि पुसावे, हीच रीत होती. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल एक जीबी जागा घेऊन आले, तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. जागा वाढली तशी कप्पे करून पत्रे लावण्याची गरज संपली. पत्रे पडू द्यावीत आणि हवी तेव्हा शोधावीत, ही नवी रीत आली. पण बहुतेकांनी तिचा पूर्वार्धच उचलला. पत्रे पडून आहेत, आणि ती सापडत नाहीत.

ती न सापडण्याचे कारण पुन्हा शब्दांतच आहे. मराठीत साध्या अर्जालाही 'विषय' आणि 'संदर्भ' या ओळी लागतात. तहसीलदारांना विषयाविना अर्ज देण्याचे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. तीच माणसे ईमेलची विषयाची चौकट रिकामी सोडतात, किंवा तिथे 'नमस्कार', 'अर्जंट', 'फोटो' असे काहीतरी लिहितात. आज लिहिलेला विषय म्हणजे दोन वर्षांनी आपण किंवा पत्र घेणारा चौकटीत जो शब्द टाकणार आहे तो शब्द होय, असे समजून विषय लिहावा.

त्यातही मराठीची एक खोच आहे. जीमेलचा शोध शब्द अख्खा जुळवतो, त्याचा तुकडा जुळवत नाही. आपल्या भाषेत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, त्यामुळे 'थकबाकी' शोधल्यावर 'थकबाकीबाबत' असा विषय असलेले पत्र निसटू शकते, 'पावती' शोधल्यावर 'पावतीची' निसटू शकते. म्हणून सोसायटीच्या सचिवांनी 'देखभाल शुल्काच्या थकबाकीबाबत' असे लिहिण्यापेक्षा 'देखभाल शुल्क : थकबाकी : सदनिका ब-१२ : एप्रिल ते जून २०२४' असे लिहावे. व्याकरणाच्या दृष्टीने ते ओबडधोबड दिसते, पण प्रत्ययांविना सुटे लिहिलेले शब्द शोधात भेटतात. जोडलेल्या फाइलचे नावही याच रीतीने ठेवावे. 'स्कॅन०००१' या नावाची फाइल पाठवणाऱ्याला आज कळते, घेणाऱ्याला कधीच कळत नाही. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिल्यास फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

पत्र शोधताना केवळ शब्दावर विसंबून राहू नये. जीमेलच्या शोधचौकटीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघा आणि गोळ्यांचे एक चिन्ह आहे. त्यावर टिचकी मारली की पाठवणाऱ्याचे नाव, विषय, तारखांचा काळ, पत्राचे आकारमान आणि जोडफाइल आहे की नाही, यांचा एक छोटा अर्ज उघडतो आणि कोणतीही आज्ञा पाठ असावी लागत नाही. आठवत नसलेल्या पत्राबद्दलही आपल्याला बहुधा तीन गोष्टी आठवतात : कोणाकडून आले, साधारण कधी आले, सोबत कागद होता का. तेवढ्यावर काम भागते. हाच अर्ज भरून शेवटी 'फिल्टर तयार करा' म्हटले, तर वीजबिलाची किंवा बँकेची पुढची पत्रे येताच आपोआप एका लेबलाखाली जातात. गाळलेली आणि पुसलेली पत्रे स्पॅम आणि ट्रॅश यांत तीस दिवसच राहतात, तेव्हा अपेक्षित पत्र आले नाही, तर आधी स्पॅममध्ये पाहावे आणि मगच समोरच्याला दोष द्यावा.

आकारमानाच्या रकान्याचा आणखी एक उपयोग आहे. जीमेलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा पत्रे, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, आणि ती भरली की नवी पत्रे येणे थांबते. दहा एमबीपेक्षा मोठी पत्रे शोधून पुसली, की लग्नाच्या फोटोंची जुनी पाकिटे निघून जागा मोकळी होते. एका पत्रासोबत २५ एमबीपर्यंतच जोडता येते. त्यापुढच्या फाइलचा ड्राइव्हवरचा दुवा पाठवावा आणि तो उघडण्याची परवानगी समोरच्याला दिली आहे ना, हे पाहावे.

पत्ते लिहिण्याच्या तीन ओळींबद्दल थोडक्यात : ज्याने कृती करायची त्याचा पत्ता 'टू' मध्ये, ज्याला केवळ कळायला हवे त्याचा 'सीसी' मध्ये, आणि ऐंशी सभासदांना सभेची सूचना धाडायची असेल तर सर्वांचे पत्ते 'बीसीसी' मध्ये घालावेत. तसे न केल्यास प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला कळतो, आणि मग पार्किंगवरून एकाने 'सर्वांना उत्तर द्या' दाबले की पुढचे चार दिवस ऐंशी फोन वाजत राहतात. पाठवलेले पत्र मागे घेण्याची सोय जीमेलमध्ये आहे, परंतु ते पत्र खरोखर परत येत नाही, पाठवणेच काही सेकंद थांबवून ठेवलेले असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ही मुदत पाचावरून तीस सेकंदांवर न्यावी.

खात्याची राखण

ईमेलचे खाते हातचे गेले तर त्या पत्त्यावर उघडलेल्या इतर अनेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याची किल्ली गेली, कारण ते बदलण्याचे दुवे बहुधा याच पेटीत येतात. म्हणून या खात्याचा पासवर्ड इतर कुठेही वापरू नये आणि दोन पायऱ्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरून आणखी एक खात्री करून घेण्याची सोय, आजच चालू करावी. दुसऱ्याच्या संगणकावर, म्हणजे सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात, पेटी उघडायची वेळ आलीच, तर ब्राउझरची इन्कॉग्निटो (बंद केल्यावर इतिहास न ठेवणारी) खिडकी वापरावी, काम झाल्यावर साइन आउट करावे, आणि छापण्यासाठी उतरवलेली आधारची फाइल 'डाउनलोड्स' मधून आणि रिसायकल बिनमधून पुसूनच उठावे. ही शेवटची गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात.

संशय आला, तर संगणकावर इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे 'डीटेल्स' हा बारीक दुवा असतो. तिथे खाते अलीकडे कुठून आणि कधी उघडले गेले, हे दिसते. त्यानंतर सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंगचा भाग आणि फिल्टरांची यादी पाहावी. घुसखोर पुष्कळदा आपली पत्रे स्वतःकडे वळवणारा नियम तिथे लावून ठेवतो आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी ती गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

दोन वर्षे अजिबात न उघडलेले वैयक्तिक गूगल खाते कंपनी पुसून टाकू शकते. परदेशी मुलाने आईवडिलांसाठी उघडून दिलेली आणि नंतर कोणी न पाहिलेली खाती अशीच जातात, तेव्हा ती अधूनमधून उघडावीत. दोन पायऱ्यांची पडताळणी चालू केल्यावर गूगल दहा पर्यायी कोड देते, आणि त्यांतला प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत त्याच फाइलमध्ये, कपाटात ठेवावेत. फोन हरवलेल्या दिवशी फोनमध्ये जपून ठेवलेल्या कोडचा उपयोग नसतो.